एकोणीस दाणे, एक रुमाल आणि आईशेजारची जागा

मी, लुरेनी स्पर्लॉक, माहेरची डीटन, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, सत्तावीस वर्षे शाळेच्या स्वयंपाकघरात नोकरी करून निवृत्त, राहणार हॅमर स्ट्रीट, सिनसिनाटी, राज्य ओहायो, मूळची केंटकीच्या डोंगरातल्या टर्कीपेन खोऱ्याची, आज हे लिहून ठेवते. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. उजव्या खुब्याचं हाड ठिकाणावर नाही, पण मृत्युपत्र हाडाने लिहीत नाहीत. मला कोणी भरीला घातलेलं नाही आणि घातलं असतं तरी मी ऐकलं नसतं. याआधी केलेली माझी दोन्ही मृत्युपत्रं या लेखाने रद्द समजावीत. ती दोन्ही मी रागात लिहिली होती. हेही रागातच लिहिते आहे, फक्त राग आता दुसऱ्या माणसावर आहे. तो माणूस कोण, हे पुढे कळेल.

माझ्या वकील मिस प्रुइट शेजारी बसून आहेत. त्यांचं म्हणणं, कलमात फक्त वस्तू आणि ती ज्याला द्यायची त्याचं नाव लिहावं. मी त्यांना म्हटलं, "बाई, नुसती नावं थडग्याच्या दगडावर असतात. मी अजून लिहू शकते." त्यांनी आपल्या पेनाला टोपण लावलं.

कलम १. हॅमर स्ट्रीटवरचं दोन मजली घर, पुढचा ओटा आणि मागची चिंचोळी जागा मी माझा मुलगा वेंडल याला देते. वेंडल, तू हे घर विकशील हे मला माहीत आहे. विक. पण मागचं तारेचं कुंपण मी गेल्यावर येणाऱ्या पहिल्या हंगामापर्यंत काढायचं नाही, कारण त्यावर घेवडा चढतो. तू मागे म्हणाला होतास, "आई, लोकांच्या डोळ्यांवर येतं हे. बीन्स दुकानात डब्यात मिळतात." डब्यात मिळतात ते मलाही माहीत आहे. शाळेत मी तेच उघडून पोरांना वाढत होते.

याच कलमात लिहून ठेवते की २००५ साली मी खुबा मोडून इस्पितळात असताना वेंडलने तळघरातला फ्रीझर बंद केला. "रिकामाच होता आणि वीज खात होता," असं त्याचं म्हणणं. तो रिकामा नव्हता. त्यात कॉफीच्या डब्यात माझ्या घेवड्याचं बी होतं. मी त्यानंतर तीन उन्हाळे काठीवर काढले आणि गेल्या वर्षी मे महिन्यात ते बी लावलं, तर एक दाणा वर आला नाही. डब्याच्या तळाशी बुरशी होती. मी वेंडलला माफ केलेलं नाही, पण घर देते आहे. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

कलम २. आमच्या रस्त्याच्या टोकाला जे डोंगरी वारसा मंडळ आहे, त्याला मी काहीही देत नाही. कारण लिहिते.

आमच्या खोऱ्यातला हा घेवडा बाहेर कुठे मिळत नाही. त्याच्या शेंगेला लव नसते, तेल लावल्यासारखी तुळतुळीत असते, आणि दाणे इतके दाटीने बसतात की टोकं चपटी होतात. कोवळ्या शेंगा दोऱ्यात ओवून चुलीमागे वाळवायच्या, आणि थंडीत खारवलेल्या डुकराच्या तुकड्याबरोबर दिवसभर मंद शिजवायच्या. १९५३ साली माझ्या नवऱ्याला, हॉबर्टला, इथल्या कारखान्यात काम लागलं तेव्हा मी ते बी कोटाच्या काठात शिवून आणलं. त्या काळी हॅमर स्ट्रीटवर घरटी कुंपणावर हा वेल होता. मग एकेकाने सोडला. कोणी म्हणालं वेळ नाही, कोणी म्हणालं मुलं खात नाहीत. शेवटी मी एकटी उरले आणि मला त्याचा गर्व झाला.

१९९८ साली मंडळाचे संचालक श्री. हॅलॉक माझ्या ओट्यावर आले. दाढीवाले, सज्जन, कॉलेजात आमच्या लोकांवरच शिकलेले. "मिसेस स्पर्लॉक, हे जतन व्हायला हवं," म्हणाले. मला भरून आलं. अर्धी बरणी बी दिलं. त्यांनी समारंभ केला. मला झालरीची टोपी घालायला लावली, जी माझ्या आईनेही कधी घातली नव्हती. भाषणात माझे तीन वेळा आभार मानले आणि चौकटीतलं आभारपत्र दिलं. टाळ्या पडल्या. घरी येऊन मी ते भिंतीवर लावलं आणि हॉबर्टला म्हटलं, "बघा, याला म्हणतात वळण. नाहीतर आमची आयला." आयला माझी धाकटी बहीण. तिच्याकडे येतेच आहे.

गेल्या वर्षी माझं बी मेलेलं निघालं तेव्हा मी काठी टेकत मंडळात गेले. माझी बरणी काचेच्या कपाटात होती, डोक्यावर दिवा, शेजारी कपडे घासायची पत्र्याची फळी. तसली फळी माझ्या घरी अजून वापरात आहे. मी म्हटलं, "मूठभर परत द्या."

हॅलॉक म्हणाले, "मॅडम, ती आता संग्रहातली वस्तू आहे. समितीपुढे ठेवावं लागेल."

"त्यावरची पाटी संग्रहातली आहे हो. दाणे माझे आहेत."

समितीने सहा आठवडे विचार केला आणि मला चाळीस दाणे मोजून दिले, सही घेऊन. मी ते ओल्या फडक्यात बशीत ठेवले. एकही फुटला नाही. दहा वर्षं दिव्याखाली शेकले होते बिचारे. हॅलॉक मनापासून हळहळले आणि म्हणाले, "पण दिसायला अजून किती छान आहेत." त्या माणसाशी भांडताही येत नाही, हा खरा त्रास.

कलम ३. माझी बिडाची कढई, शेंगा ओवायची जाड सुई आणि मेण लावलेला दोरा मी वेंडलची मुलगी शॉना हिला देते. शॉना, तू मला विचारलं होतंस, "मॅमॉ, याला किती वेळ लागतो?" मी म्हटलं, "सगळा दिवस." तू म्हणालीस, "मग जरा मोकळी झाले की शिकते." तू मोकळी होणार नाहीस. मीही नव्हते. आठ तास सहाशे पोरांचा स्वयंपाक करून घरी यायचे आणि ओट्यावर बसून शेंगा मोडायचे, आणि शेजारच्या चार बायका आपापली पातेली घेऊन यायच्या. तो वेळ कोणाकडेच नव्हता, तरी जायचा. सुई हरवू नकोस.

कलम ४. बँकेत जे काही असेल त्यातून माझं पुरणं उरकावं, आणि उरेल त्यातून दरवर्षी मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी हॅमर स्ट्रीटवरून टर्कीपेनला जाणारी एक गाडी ठरवावी, पैसे संपेपर्यंत. त्या रविवारी आम्ही आमच्या माणसांची थडगी साफ करतो, फुलं ठेवतो आणि तिथेच गवतावर चादरी पसरून जेवतो. एके काळी शुक्रवारी कारखान्याचा भोंगा झाला की या रस्त्यावरून अकरा गाड्या निघायच्या. गेल्या वर्षी दोन निघाल्या, आणि त्यातली एक वाटेत सवलतीच्या बुटांच्या दुकानात थांबली ती थांबलीच. या गाडीत बसणाऱ्याने कोयता किंवा फावडं बरोबर आणावं. गाडीतच गारवा लावून बसून राहणाऱ्याला जेवण वाढू नये. वेंडल, हे तुझ्यासाठी आहे.

कलम ५. हे कलम माझी बहीण आयला डीटन प्रॅटर, राहणार मन्सी, राज्य इंडियाना, हिच्याविषयी आहे. ते लांबणार आहे. मिस प्रुइट यांनी कॉफी घ्यावी.

आयला माझ्याहून चार वर्षांनी लहान. तिचा नवरा आणि ती नऊ वर्षं माझ्या वरच्या मजल्यावर राहिली. १९७८ साली त्याचा कारखाना बंद पडला आणि त्यांनी मन्सीला जायचं ठरवलं. निघायच्या दिवशी मी माझ्या निळ्या काठाच्या रुमालात घेवड्याचं बी बांधलं. माझ्याजवळ होतं त्यातलं निम्मं. ओट्यावर तिच्या हातात दिलं. तिने घेतलं, पोलक्यात खोचलं, पाठ फिरवली आणि गाडीत जाऊन बसली. एक शब्द बोलली नाही.

मला ते लागलं. इतकं लागलं की मी एकतीस वर्षं धरून ठेवलं. माझ्या दृष्टीने तिला माणुसकीच उरली नव्हती. मी शाळेत ताटं वाढत होते आणि डोंगरातून आलेल्या प्रत्येक पोराला सांगत होते, "आधी थँक यू म्हण, मग बटाटा मिळेल." मास्तरणी त्यांच्या बोलण्याला हसायच्या, त्यांना अडाणी म्हणायच्या, आणि मला वाटायचं की निदान एवढं तरी त्यांना आलं पाहिजे. वेंडललाही मीच शिकवलं. आपलं बोलणं घरात ठेव, बाहेर काढू नको, असं सांगितलं. त्याने ते इतकं नीट ठेवलं की आता त्याला सापडत नाही. आणि माझी सख्खी बहीण निम्मं बी घेऊन साधं थँक यू म्हणत नाही. मी रस्ताभर सांगत सुटले, "आयला शहाणी झाली. मन्सीच्या हवेने आधीच नाक वर गेलं तिचं."

दरवर्षी मे महिन्यात आम्ही दोघी त्याच टेकडीवर भेटायचो. ती आईच्या थडग्याच्या एका बाजूचं गवत काढायची, मी दुसऱ्या. एकदा तीच बोलली.

"ताई, शेंगा कशा धरल्यात औंदा?"

"ज्याला कदर असते त्याच्याकडे धरतात."

ती फावड्यावर हात ठेवून माझ्याकडे बघत राहिली. "मी काय केलंय गं तुला?"

"तुझं तुला ठाऊक."

तिला ठाऊक नव्हतं, आणि मी सांगितलंही नाही. त्यानंतर ती माझ्याशी बोलायची थांबली.

गेल्या हिवाळ्यात समोरच्या घरातले एस्टिल नेपियर माझ्याकडे आले. ट्रक चालवायचे, आता नुसते खोकतात. म्हणाले, "लुरेनी, माझी भाची मन्सीला असते. म्हणते, तुझ्या बहिणीच्या कुंपणावर बोट ठेवायला जागा नाही इतका तुळतुळ्या घेवडा आहे. येणाऱ्या-जाणाऱ्याला बी देत असते. त्या गल्लीत आता दहा-बारा घरांत झालाय."

मी म्हटलं, "मग मी काय करू?"

"तू काही करू नको. तुला सवय आहे."

पुढे चार आठवडे मी काही केलं नाही. मग मार्च महिन्यात एक पोस्टकार्ड टाकलं. त्यावर एवढंच लिहिलं: माझं बी मेलं. तुझ्याकडे असेल तर पाठव. लुरेनी.

आठव्या दिवशी पाकीट आलं. आत माझा निळ्या काठाचा रुमाल, धुतलेला, इस्त्री केलेला. त्यात एकोणीस दाणे. चिठ्ठी नाही. नावसुद्धा नाही. मी पाकीट उलटं करून झटकलं. दाणे आल्याच्या आनंदापेक्षा मला चिठ्ठी नसल्याचाच राग जास्त आला. म्हटलं, एकतीस वर्षांनी पाठवतेस आणि चार ओळी लिहिता येत नाहीत? थांब, तुला दाखवते वळण कशाला म्हणतात. दुकानातून फुलांचं कार्ड आणलं, टेबलावर बसले आणि लिहिलं, प्रिय आयला, बियाण्याबद्दल मनापासून आभ.

तिथे हात थांबला.

मी सहा वर्षांची होते. खोऱ्याच्या तोंडाशी एक म्हातारी राहायची, तिच्याकडे हाच घेवडा होता. आमचं बी पुरात गेलं म्हणून आई मागायला गेली. आयला तिच्या कडेवर. म्हातारीने एक मूठ दाणे माझ्या हातात ठेवले, आणि मी नुकतीच शाळेत जायला लागले होते, तर बाईंनी शिकवल्याप्रमाणे तिचे आभार मानले. आईने झटकन माझ्या तोंडावर हात ठेवला. मग माझी मूठ उघडायला लावली आणि दाणे म्हातारीला परत दिले. म्हणाली, "हे आता उगवायचं नाय. उद्या येते, पोरीला घरी ठेवून."

म्हातारी म्हणाली, "शाळेत घातलीस वाटतं?"

वाटेत मी रडत होते. आई म्हणाली, "बी दिलं, रोप दिलं, तर आभार मानायचे नसतात बाई. गप घ्यायचं आन् निघायचं. आभार मानले की देणं फिटलं. मग ते कशाला उगवेल?"

हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत होतं. मला माहीत होतं. आयलाला तर मीच शिकवलं असेन. ती त्या दिवशी ओट्यावर काही बोलली नाही कारण तिला ते बी जगवायचं होतं. पाठ फिरवली ती बहुधा रडू येत होतं म्हणून, कारण मीही दार लावून रडले होते. आणि मी, जिला मंडळाने वारशाची राखणदार म्हणून चौकट दिली, झालरीची टोपी घातली, ती मीच विसरले होते. तीन वेळा आभार ऐकून खूश झाले आणि बहिणीला नावं ठेवली. एकतीस मे महिने.

मी ते कार्ड चुलीत घातलं. भिंतीवरची चौकटही काढली. तिच्यामागे भिंतीचा रंग अजून नवा आहे, वेंडलने विकताना तेवढा जुळवून घ्यावा.

मी दाणे लावले. जुलै महिन्यात फोन वाजला.

"ताई, उगवलं?"

"सतरा."

"एकोणीस पाठवले होते."

"दोन खारीने नेले."

"तुझं कुंपण पहिल्यापासून ढिलं." मी विचारलं, "चिठ्ठी का नाही टाकलीस?"

ती म्हणाली, "टाकली असती तर तू उलट आभार लिहिले असतेस. शाळेत राहून तुला खोड लागलीय. म्हटलं नकोच, वाटून वाटून एकोणीसच उरले होते पाठवण्याजोगे."

हिला सगळं कळत होतं. मला तेव्हाच सांगायचं होतं की मी कशासाठी रुसले होते. जीभ उचलली नाही. सांगायला गेले तर किती हास्यास्पद आहे ते माझं मला ऐकू येत होतं. मी हवेबद्दल बोलले. तीही हवेबद्दल बोलली. तेव्हा ते इथे लिहिते: आयला, तुझं काही चुकलं नव्हतं. तू बरोबर केलंस आणि मी तुला त्याचीच शिक्षा दिली. मला याची लाज वाटते, आणि सुरुवातीला म्हटला तो राग माझ्यावरच आहे.

कलम ६. टर्कीपेनच्या टेकडीवर आईच्या उजव्या हाताला एकच जागा उरली आहे, पलीकडे कडा आहे. थोरली म्हणून ती मी बळकावली होती, आणि मागच्या दोन्ही मृत्युपत्रांत लिहिलं होतं की आयलाला तिथे पुरू देऊ नये. ते मी मागे घेते. ती जागा आयलाची. मला हॉबर्टच्या शेजारी, त्याच्या लोकांच्या टेकडीवर ठेवावं. तो पंचेचाळीस वर्षं घोरला म्हणून मी तिकडे जायला नकार देत होते. आता काय फरक पडतो.

कलम ७. या सप्टेंबरात त्या सतरा वेलांवरून मी दोन बरण्या बी काढलं. फ्रीझरवर आता माझा भरवसा नाही आणि काचेच्या कपाटावर तर नाहीच. माझ्या पुरण्याच्या दिवशी दोन्ही बरण्या दाराशी ठेवाव्यात. येईल त्याला मूठभर द्यावं. कोण डोंगरातलं, कोण नाही, हे विचारू नये. समोरच्या ग्वाटेमालाच्या बाईला जरूर द्यावं, ती दोन वर्षं माझ्या कुंपणाकडे बघते आहे. श्री. हॅलॉक आले तर त्यांनाही द्यावं, पण आधी ते लावतील कुठे ते विचारावं. शॉनाने दाराशी उभं राहून वाटावं आणि जो कोणी आभार मानेल त्याच्याकडून मूठ परत घ्यावी, आणि दुसऱ्या दिवशी यायला सांगावं.

हे कलम पाळताना कोणी हसेल. हसू द्यावं.

वरील सर्व मी स्वतःच्या हाताने लिहिलं, वाचून पाहिलं, आणि दोन ठिकाणी खोडलं आहे. दोन्ही ठिकाणी वेंडलविषयी होतं.

मिस प्रुइट यांनी विचारलं, मृत्युपत्राची एक प्रत कचेरीत ठेवू का. मी म्हटलं, ठेवा, पण पाचव्या आणि सहाव्या कलमाची नक्कल करून आज दुपारच्या टपालाने मन्सीला पाठवा. त्या म्हणाल्या, "मिसेस स्पर्लॉक, मृत्युपत्र माणूस गेल्यावर उघडतात."

मी म्हटलं, "तोवर ती चौऱ्याहत्तरची शंभर होईल किंवा नसेल. एकतीस वर्षं मी गप्प बसले ते पुरे झालं. तिकीट मी लावते."

ठिकाण: सिनसिनाटी, ओहायो. दिनांक: १० ऑक्टोबर २००९.

सही: लुरेनी डीटन स्पर्लॉक

साक्षीदार: १. मार्गारेट प्रुइट, वकील. २. एस्टिल नेपियर, हॅमर स्ट्रीट.

सह्या झाल्यावर लिहिते, म्हणजे हे मृत्युपत्रात धरू नये. एस्टिल सही करून उठले तेव्हा मी बरणी उघडून त्यांच्या हातात मूठभर दाणे ठेवले. मिस प्रुइट यांना वाटलं ते काहीतरी बोलतील, म्हणून त्या थांबून बघत राहिल्या. एस्टिलनी दाणे सदऱ्याच्या खिशात टाकले, वरचं बटण लावलं, माझ्याकडे पाठ केली आणि ओट्याच्या पायऱ्या उतरून गेले.